जोडवस्तूंचे वचन

संस्कृतातील द्विवचनाच्या जागी प्राकृतात बहुवचन येते, असा नियम हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदविला. डोळे, कान, पाय ही मराठी रूपे त्याच वळणाची होत. मग दोन पात्यांची कात्री एकवचनी का? द्विवचनाच्या लोपामुळे, असे उत्तर सुचते. ते टिकत नाही. द्विवचन नांदत असतानाही 'कर्तरी' व 'संदंश' हे संस्कृत शब्द एका वस्तूसाठी एकवचनीच होते. कात्री व सांडशी हे त्यांचेच वंशज. अवयव मोजावेत, उपकरण मात्र अखंड मानावे, ही रीत जुनी आहे. चष्मा आणि विजार हे अरबी-फारसी वळणाचे शब्दही तीत सहज सामावले.

इंग्रजीत ही सारी नावे बहुवचनी. सायकलच्या एका हँडललाही तेथे पुष्कळदा बहुवचन लावतात. मराठीत 'हँडल वाकले' असेच म्हणतात. 'ब्रेक'चे प्रकरण अधिक नाजूक आहे. अकारान्त पुल्लिंगी नाम दोन्ही वचनांत सारखेच राहत असल्याने वचन क्रियापदावरून कळते: 'ब्रेक लागला नाही', 'ब्रेक लागले नाहीत'. येथे उपकरणेच दोन आहेत, म्हणून ती मोजली जातात. 'पँट'मधील इंग्रजी बहुवचनाचा प्रत्यय गळाला, 'जीन्स'मधील शब्दातच मुरला. फाटते ती मात्र एकवचनातच.