संहिता खुली, सर्व्हर बंद

२६ मे २०२० रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता सर्वांसाठी खुली केली. २ एप्रिलला आलेले हे अ‍ॅप तोवर कोट्यवधी फोनांत पोहोचले होते आणि ब्लूटूथच्या आधारे कोण कोणाच्या सहवासात आले याची नोंद ठेवत होते. फोनमध्ये नेमके काय नोंदले जाते, हे आता कोणत्याही जाणकाराला तपासता येऊ लागले. ती नोंद सर्व्हरवर पोहोचल्यानंतर तिचे काय होते, ते मात्र या संहितेतून कळत नव्हते. सर्व्हरची संहिता त्या दिवशी खुली झाली नव्हती. अशा अ‍ॅपला मुक्त सॉफ्टवेअरच्या पंक्तीत बसवावे काय?

हा प्रश्न महासाथीहून बराच जुना आहे. ज्याची संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असतो, अशा सॉफ्टवेअरचा संग्रह करणारा डेबियन प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. (सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली त्याच्याच पायावर उभी आहे.) १९९७ मध्ये त्याने आपला सामाजिक करार स्वीकारला. जे सॉफ्टवेअर स्वतः मुक्त आहे, पण चालण्यासाठी ज्याला अमुक्त सॉफ्टवेअर लागते, त्याची जागा मुख्य संग्रहात नाही, तर ‘कॉन्ट्रिब’ नावाच्या वेगळ्या विभागात. घरात नाही, पण ओसरीवर बसायला हरकत नाही, असाच हा प्रकार.

या कठोरपणाची खरी परीक्षा केडीईने घेतली. १९९६ मध्ये आरंभ झालेले हे देखणे डेस्कटॉप मुक्त होते, परंतु ट्रोलटेक या नॉर्वेतील कंपनीच्या क्यूटी नावाच्या संचावर उभे होते, आणि क्यूटी तेव्हा मुक्त नव्हते. दोहोंचे परवाने परस्परांशी जुळत नाहीत, असे सांगून डेबियनने ऑक्टोबर १९९८ मध्ये केडीईला बाहेरचा रस्ता दाखवला. पुष्कळांना हा हेकटपणा वाटला. दरम्यान, १९९७ मध्येच ग्नोम हा प्रतिस्पर्धी डेस्कटॉप उभा राहू लागला होता. सप्टेंबर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूटी जीपीएल परवान्याखाली दिले आणि केडीई डेबियनमध्ये परतले. नकाराचा परिणाम झाला, हे मान्य करावेच लागेल; अर्थात स्पर्धेचाही त्यात वाटा होता.

परंतु क्यूटी वापरणाऱ्याच्याच यंत्रावर चालत होते. नियमही तेवढ्यापुरताच लिहिलेला होता. दूरच्या सर्व्हरवरील सेवा हे संग्रहातले पॅकेज नव्हे. त्यामुळे तिच्यावरचे अवलंबित्व नियमाच्या जाळ्यात सापडत नव्हते. एआयएमसारख्या बंदिस्त संदेशसेवांशी बोलणारे पिजिन मुख्य संग्रहात सुखाने नांदले. त्याच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद होता: पिजिन जॅबर या खुल्या संकेतप्रणालीतही बोलत असे. बंदिस्त सेवेत अडकलेल्या माणसाला तेच साधन बाहेर पडण्याची वाट दाखवत होते. ओसरीवर ठेवले असते, तर ही वाट किती जणांना सापडली असती?

तरी १५ डिसेंबर २०१७ रोजी एआयएम कायमचे बंद झाले, तेव्हा पिजिनचा तेवढा भाग निरुपयोगी ठरला. संहितेतले एक अक्षरही बदलले नव्हते. सर्व हक्क शाबूत होते आणि उपयोग शून्य.

२०१० मध्ये सुरू झालेल्या एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपभांडाराने तिसरा मार्ग काढला. यूट्यूबवरील चित्रफिती दाखवणारे न्यूपाइप तेथे मिळते, परंतु ते अमुक्त जालसेवेवर विसंबून आहे, असा इशारा त्याच्या माहितीतच दिलेला असतो. समावेश करावा, पण डाग झाकू नये, ही भूमिका डेबियनच्या मौनापेक्षा प्रामाणिक आहे. वापरणारा निदान जाणूनबुजून निवड करतो.

आरोग्य सेतूला मात्र हा इशारा पुरला नसता. न्यूपाइप नको असेल तर काढून टाकता येते. सेतूची सक्ती १ मे २०२० च्या आदेशाने कार्यालयांतील कर्मचाऱ्यांवर झाली होती. मेच्या मध्यास ती सौम्य करण्यात आली. क्यूटीला पर्याय लिहिता येत होता. सेतूची खुली संहिता घेऊन एखाद्याने हुबेहूब दुसरे अ‍ॅप बांधले असते, तरी बाधितांची अधिकृत माहिती त्याच एका सर्व्हरवर होती.