पिल्लू कोणाच्या मागे जातं?

गेल्या वर्षी पहिल्या पावसात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोकं सापडलं. बाजाराच्या दिवशी रंगवलेली पिल्लं विकायला बसणारा फेरीवाला सर आली तसा पळाला आणि उरलेला माल तिथेच सोडून गेला. खोक्यात पाच पिल्लं होती. दोन गुलाबी, एक हिरवं, एक करड्या ठिपक्यांचं गावठी आणि एक बदकाचं. सगळी भिजून काकडलेली. त्यातलं एक गुलाबी पिल्लू त्याच रात्री गेलं. उरलेल्या चौघांसाठी बाल्कनीत एक जाड पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर साठ वॉटचा पिवळा दिवा, खाली वर्तमानपत्र आणि वाटीत तांदळाची कणी असा संसार मांडला.

आजी खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "एखादी खुडूक कोंबडी असती ना, तर सगळी तिच्याच पोटाखाली घातली असती. बदकाचं काय आणि कोंबडीचं काय, ती सगळ्यांना घेते."

आमच्याकडे खुडूक कोंबडी नव्हती, मी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बदकाचं पिल्लू खोक्यातून उडी मारून माझ्या चपलेमागे स्वयंपाकघरापर्यंत आलं. घरात सगळे हसले. मीही व्हिडिओ काढला. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की या हसण्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळा गोड नाही.

रंगवलेली पिल्लं येतात कुठून?

ही रंगीत पिल्लं बहुतेक नर असतात. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचा कोंबडा अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीसारखा भराभर वजनही धरत नाही. हॅचरीच्या हिशोबात तो जन्मतःच तोट्याचा. पूर्वी कोंबडा की कोंबडी हे कळायला काही आठवडे जावे लागत. १९२० आणि ३०च्या दशकांत जपानी संशोधकांनी एका दिवसाच्या पिल्लाची गुदद्वाराजवळची खूण पाहून नर-मादी ओळखण्याची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. तेव्हापासून निवड पहिल्याच दिवशी होऊ लागली. मादी पिंजऱ्याकडे, नर मरणाकडे, किंवा आपल्याकडे कधी कधी रंगाच्या बादलीतून फेरीवाल्याच्या टोपलीकडे. जर्मनीनं २०२२ पासून अशी नर पिल्लं मारण्यावर कायद्यानं बंदी घातली.

आणि हा प्रवास पिल्लाला झेपतो कसा? अंड्यातून बाहेर येण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस अन्नपाण्याशिवाय निभावतं. निसर्गानं ही सोय केली ती बाकीची अंडी फुटेपर्यंत आईला घरट्यावर बसून राहता यावं म्हणून. माणसानं तिचा उपयोग पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवायला केला.

डोळ्यांवर टोपी

पिल्लू कोणाच्या मागे जातं हा प्रश्न नीट विचारणारा पहिला माणूस छपरांवर पाटीचे दगड बसवणारा मजूर होता. डग्लस स्पाल्डिंग, जन्म १८४१. पैसे नव्हते, पण स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या विद्यापीठात त्याला फुकट व्याख्यानं ऐकायला मिळाली. पुढे क्षयानं ग्रासलं. त्या काळच्या तत्त्वज्ञांमध्ये वाद चालू होता की अंतर, दिशा, वस्तू ओळखणं हे आपण अनुभवातून शिकतो की जन्मतः घेऊन येतो? स्पाल्डिंगनं वाद घालण्याऐवजी अंडी उबवली. पिल्लू कवच फोडत असतानाच, त्याचे डोळे उघडण्याआधी, त्यानं त्याच्या डोक्यावर छोटीशी टोपी चढवली. एक ते तीन दिवसांनी ती काढली. काही मिनिटांतच पिल्लं किड्याचा माग काढून अचूक चोच मारू लागली. कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. नुकतंच डोळे उघडलेलं पिल्लू समोर हलणाऱ्या कशाच्याही मागे जातं, माणसाच्यासुद्धा. पण जवळजवळ चार दिवस टोपीत ठेवलेली तीन पिल्लं टोपी काढताच त्याला पाहून घाबरून पळाली. म्हणजे आपलंसं करून घेण्याचं दार थोडाच वेळ उघडं असतं.

१८७३मध्ये त्यानं हे सारं एका मासिकात लिहिलं. त्याच सुमारास तो इंग्लंडमधल्या अँबर्ली कुटुंबात शिक्षक म्हणून राहत होता. पुढे तत्त्वज्ञ झालेला बर्ट्रांड रसेल तेव्हा त्या घरातलं तान्हं मूल होता. १८७७मध्ये स्पाल्डिंग वारला आणि विसरला गेला. १९५४मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं त्याचा निबंध पुन्हा छापून आणला. हेच हाल्डेन तीन वर्षांनी इंग्लंड सोडून भारतात आले आणि शेवटी भुवनेश्वरला वारले.

बर्लिनचा फ्लॅट

आता माझ्या बाल्कनीतल्या खोक्यासारखंच, पण फार मोठं खोकं बघू. १९०४मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात काम करणारा डॉक्टर ऑस्कर हाइनरोथ आणि मागडालेना वीबे यांचं लग्न झालं. मागडालेना तेव्हा एकवीस वर्षांची होती, प्राण्यांत पेंढा भरण्याचं काम शिकलेली. दोघांनी ठरवलं की मध्य युरोपातले होता होईल तेवढे पक्षी अंड्यापासून किंवा अगदी लहान पिल्लापासून स्वतः वाढवायचे. कुठे? राहत्या घरात.

पुढची अठ्ठावीस वर्षं त्या घरात अडीचशेहून जास्त जातींचे मिळून हजारभर पक्षी वाढले. कल्पना करून बघा. कोंबडीच्या कुळातली पिल्लं निघाल्या निघाल्या धावतात आणि स्वतः टिपून खातात. त्यांना ऊब दिली की झालं. पण गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांची पिल्लं उघडी, आंधळी, नुसती उघडलेली चोच. त्यांना उजाडल्यापासून मावळेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं भरवावं लागतं. घुबडाला मांस हवं, पाणपक्ष्याला मासा हवा. दिवसा ऑस्करची नोकरी. घरातल्या या सगळ्या चोची भरण्याचा मोठा भार मागडालेनावर होता. रातव्याच्या जोडीनं तर घरातच अंडी घालून पिल्लं वाढवली. ऑस्करनं १९०९मध्ये त्यावर निबंधही लिहिला.

हा छंद वाटेल, पण त्यामागे विचार पक्का होता. वेगवेगळ्या जातींची पिल्लं एकाच घरात, एकाच हातानं वाढवली आणि तरीही ती वेगळी वागली, तर तो फरक शिकवणीचा असू शकत नाही. आईबापांना कधी न पाहिलेलं पिल्लू आपल्या जातीसारखंच अंग झटकतं, तसंच पिसं साफ करतं. काहींना आपलं गाणं न ऐकताही येतं, काहींना ऐकल्याशिवाय येत नाही. दोघांनी वजनं घेतली, पिसं कशी फुटतात ते नोंदलं, वाढीच्या टप्प्याटप्प्याला फोटो काढले. त्यातून १९२४पासून 'मध्य युरोपातले पक्षी' हा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यावर दोघांचीही नावं आहेत. मागडालेना १९३२मध्ये वारली.

त्याआधी, १९११मध्ये छापलेल्या बदक-हंसांवरच्या निबंधात ऑस्करनं एक बारीक सूचना लिहून ठेवली होती. यंत्रात उबवलेलं राजहंसाचं पिल्लू हंसांच्या जोडीकडे सोपवायचं असेल, तर यंत्रातून काढताच ते पिशवीत घाला. त्याला तुमचं तोंड दिसू देऊ नका. एकदा त्यानं तुमच्याकडे पाहिलं की ते हंसांना आपलं मानत नाही. सोडलं तरी रडत तुमच्यामागे येतं.

स्पाल्डिंगची टोपी आणि हाइनरोथची पिशवी. एकानं कुतूहलापोटी डोळे झाकले, दुसऱ्यानं पिल्लाच्या भल्यासाठी.

कोण कोणाला टोचतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमच्या खोक्यातली शांतता संपली. रंग विटून हिरवा पांढरा दिसू लागला, गुलाबी मळकट झाला. दोघंही छाती काढून एकमेकांसमोर उभे राहू लागले. ठिपकी वाटीशी आली की हिरवा तिला टोचायचा. ठिपकी गुलाबीला टोचायची. आणि गुलाबी चक्क हिरव्याला.

कोंबड्यांमधली ही उतरंड पहिल्यांदा मांडली ती नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बेनं. १८९४मध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा आणि कोण कोणाला टोचतं ते वहीत लिहायचा. १९२२मध्ये त्याचा निबंध छापून आला. आज ऑफिसातल्या राजकारणाबद्दल बोलतानाही इंग्रजीत जो 'पेकिंग ऑर्डर' शब्द वापरतात, तो या मुलाच्या वहीतून आलेला. त्यानं असंही नोंदलं की उतरंड नेहमी सरळ नसते. तिघांत असं वर्तुळ होऊ शकतं, आमच्याकडे झालं तसंच.

बदक या उतरंडीत कुठेच नव्हतं. ते पाण्याची वाटी उलथून सगळ्यांना भिजवायचं आणि कोणी टोचलं की माझ्या पायाशी येऊन बसायचं.

टेक्स

पिल्लाच्या या पक्क्या ओढीला जगभर प्रसिद्ध केलं ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झनं. लहानपणी शेजाऱ्यांनी दिलेलं एका दिवसाचं बदक त्याच्यामागे फिरू लागलं आणि तो त्यातच गुंतला. हाइनरोथला तो गुरू मानायचा. १९३५च्या निबंधात त्यानं या प्रक्रियेला ठसा उमटण्याची उपमा दिली. १९७३मध्ये नोबेल मिळालं. हंसांची रांग मागे घेऊन चालणाऱ्या या माणसाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. हाच माणूस १९३८मध्ये नाझी पक्षात गेला होता, हेही त्या फोटोंसोबत लक्षात ठेवावं.

फोटोत जे दिसत नाही ते टेक्सच्या गोष्टीत दिसतं. टेक्स ही हूपिंग क्रेन जातीची मादी. १९६०च्या दशकात, ही जात जगात पन्नासच्या आसपास उरलेली असताना, अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयात जन्मली. जगेल की नाही अशी स्थिती होती, म्हणून संचालकांनी तिला घरी नेऊन वाढवलं. ती जगली. पण मोठी झाल्यावर तिनं नर क्रेनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला जोडीदार म्हणून माणूस हवा होता.

१९७६पासून जॉर्ज आर्चिबाल्ड हा पक्षितज्ज्ञ विस्कॉन्सिनमध्ये तिच्यासोबत राहू लागला. क्रेन विणीच्या आधी नाचतात, म्हणून तोही नाचायचा. हात पसरून, उड्या मारत. घरटं बांधायला मदत करायचा. कृत्रिम रेतन करून अंडी मिळवायची धडपड अनेक वर्षं फसली. १९८२मध्ये अखेर एक पिल्लू जगलं. त्याच वर्षी रॅकूननी टेक्सला मारलं.

टेक्ससारख्या पक्ष्यांकडून माणसं शिकली. १९८०च्या दशकापासून क्रेनची पिल्लं वाढवणारे लोक पांढरे झगे घालू लागले, हातावर क्रेनच्या डोक्याची बाहुली चढवून भरवू लागले, पिल्लांसमोर बोलायचं बंद केलं. कॅलिफोर्नियाच्या कॉंडॉर गिधाडांनाही अशाच बाहुल्यांनी वाढवलं. २००१पासून तर छोट्या विमानामागे क्रेनना स्थलांतर शिकवलं गेलं. पण ही वाढलेली पिल्लं पुढे स्वतःची पिल्लं सांभाळण्यात कमी पडतात, असं दिसून आलं. २०१६मध्ये अमेरिकन सरकारनं तो प्रयोग थांबवायचं ठरवलं. पिल्लं क्रेनकडूनच वाढवून घेण्यावर भर आला.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोक आता तिथे जवळजवळ दिसेनासा झालाय. राजस्थानात २०१९पासून त्याची रानातली अंडी आणून उबवली जातात आणि आई नसल्यानं पिल्लं माणसंच वाढवतात. ती माणसाळतात. त्यांचा उपयोग पैदाशीसाठी, आणि रानात जायचं ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी, अशी योजना आहे. २०२४मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. एका पिढीला आपल्याजवळ ठेवून पुढच्या पिढीला आपल्यापासून वाचवायचं, असा हा हिशोब आहे.

पायाशी

दोन महिन्यांनी हिरवा पहाटे चारला आरवायला लागला आणि सोसायटीतून निरोप आला. चौघांना मावशीच्या गावी नेलं. तिच्याकडे खुराडं आहे, आणि शेजारच्यांची सात-आठ बदकं ओढ्यावर जातात. मला वाटलं, बदकाचा प्रश्न सुटला.

सुटला नाही. ओढ्यावर नेऊन सोडलं तर ते पोहलं, छान पोहलं. कोणी शिकवलं नव्हतं. पण बदकांचा थवा वर गेला तरी हे काठावर चढून आमच्यामागे परत. चार दिवस हेच. मी असेपर्यंत ते हलणार नाही, हे मावशीनंच ओळखलं. म्हणाली, "तू जा आता. फोन कर, पण इकडे येऊ नको महिनाभर."

महिनाभर गेलो नाही. व्हिडिओ कॉलवर मावशी दाखवायची. दिवसा ते ओढ्यावर बदकांच्या मागे मागे, जरा अंतर ठेवून पोहतं. संध्याकाळी मात्र परत येतं. कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर चढतात, बदकाला दांडीवर बसता येत नाही. ते खाली जमिनीवर, बरोबर ठिपकीच्या खाली, मान पंखात घालून झोपतं.

मी परवा कॉलवर त्याला हाक मारली. त्यानं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पंखात घातली. आजी म्हणाली, "बरं झालं."