इंडस क्रीडचा ‘इव्हॉल्व्ह’: १७ वर्षांनी आला आणि ऐकायचाच राहून गेला

भारतातल्या जुन्या रॉक बँडची यादी काढली की मुंबईच्या इंडस क्रीडचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच. आणि त्या नावापाठोपाठ दोन गाणी हमखास निघतात. एक ‘टॉप ऑफ द रॉक’, दुसरं ‘प्रिटी चाइल्ड’. दोन्ही तीस वर्षांपेक्षा जुनी. पण याच बँडने २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अख्खा नवा अल्बम काढला होता, हे त्यांच्या जुन्या चाहत्याला सांगून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, “हो का? ते परत आले होते?”

आले होते. आणि जे घेऊन आले होते ते त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपेक्षा चांगलं होतं, असं माझं मत आहे. ते मागे का पडलं, यात फक्त एका बँडची गोष्ट नाही. आपण गाणी विकत घेणं कधी सोडलं आणि मोबाईलवर ऐकणं कधी सुरू केलं, त्या मधल्या काळाचीही ती गोष्ट आहे.

आधी एक खुलासा. आमच्याकडे पिंपळनेर-साक्रीच्या पट्ट्यात ‘बँड’ म्हटलं की डोळ्यापुढे लग्नाची वरात येते, बँजो येतो, हल्ली डीजे येतो. गिटार, ड्रम्स आणि इंग्रजी गाणी हा प्रकार इथल्या टपरीवर कधी वाजला नाही. त्यामुळे या बँडबद्दल काहीच माहिती नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. सुरुवातीपासून बघू.

रॉक मशीन ते इंडस क्रीड

१९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर. पुढे गायक उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले आणि लोकांना आठवतो तो संच तयार झाला.

त्या काळात जगात पंक रॉक जोरात होऊन गेला होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये रमोन्स आणि लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स यांनी तो गाजवला. तीन कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, वाजवता नीट येत नसेल तरी चालेल पण बोलायचं ते स्वतःचं, असा तो मामला. मुंबईत तसा पंक फारसा रुजला नाही. याचं एक कारण अगदी साधं होतं. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर इतके महाग आणि दुर्मिळ होते की ज्याच्या हाती ते लागायचे, तो आधी ते उत्तम वाजवून दाखवायच्या मागे लागायचा. ‘वाजवता येत नाही, तरी वाजवतो’ ही चैन परवडणारी नव्हती.

मग इथलं बंड कशात होतं? स्वतःचं गाणं म्हणण्यात. कॉलेज फेस्टिव्हल असो की धोबीतलावचं रंगभवन, समोरच्या पब्लिकला परदेशी बँडची गाजलेली गाणी हुबेहूब हवी असायची. आपलं गाणं सुरू केलं की आरडाओरडा व्हायचा. रॉक मशीनने तरीही स्वतःची गाणी लावून धरली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे दोन अल्बम काढले. ऐकायला ते पंक नाहीत, चकचकीत हार्ड रॉक आहेत. पण वृत्ती बघितली तर त्या काळातल्या मुंबईत पंकच्या सगळ्यात जवळचं काम हेच होतं, असं म्हणायला जागा आहे.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं. तोवर उपग्रह वाहिन्या घरात आल्या होत्या. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाचा प्रेक्षकपसंतीचा मान मिळाला. १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. त्यात भारतीय वळणाचे सूर मुद्दाम मिसळलेले होते. नावातच सिंधू आली म्हटल्यावर ते ओघानेच आलं.

१९९७ मध्ये बँड फुटला. त्यानंतर उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा बँड केला.

२०१० ची जुळवाजुळव

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. जुन्या फळीतले तिघे होते: बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया. बेसवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे नव्या पिढीतले. इथे सोपा रस्ता उघडा होता. जुनी हिट गाणी घ्यायची, ‘नॉस्टॅल्जिया टूर’ करायची, कॉर्पोरेट शो करायचे आणि पैसे घेऊन घरी जायचं. जगभरचे म्हातारे बँड हेच करतात आणि त्यात गैर काही नाही.

यांनी दोन वर्षांत नवा अल्बम केला. मिक्सिंगसाठी तो टिम पामरकडे गेला. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र बसवून कोण पुढे, कोण मागे हे ठरवण्याचं काम. पामर म्हणजे पर्ल जॅमच्या १९९१ च्या ‘टेन’ अल्बमचं मिक्सिंग करणारा माणूस. पॉर्क्युपाइन ट्रीचा २००२ चा ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ही त्याच्याच हातून गेलेला. ही दोन नावं ‘इव्हॉल्व्ह’ कुठल्या दिशेला झुकतो ते बरोबर सांगतात. एका बाजूला जड, भावनेने भरलेला नव्वदचा रॉक आणि दुसऱ्या बाजूला गाणं हळूहळू उलगडत नेणारा प्रोग्रेसिव्ह रॉक.

अल्बममध्ये फक्त ८ गाणी आहेत. नुसती नावं शेजारी ठेवली तरी फरक कळतो. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, म्हणजे छाती काढून ‘आम्ही बंडखोर’ म्हणणं. २०१२ मध्ये ‘डिझॉल्व्ह’, ‘नो डिसग्रेस’, ‘द मनी’, ‘गुडबाय’. विरघळणं, लाज, पैसा, निरोप. पंचविशीतल्या पोरांची गाणी आणि पन्नाशीकडे निघालेल्या माणसांची गाणी यांत जो फरक असायला हवा तो इथे आहे. बऱ्याच म्हाताऱ्या बँडमध्ये तो नसतो. ते पन्नाशीतही विशीचंच सोंग आणतात, आणि ते बघवत नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. या बँडवर कायम दोन बाजूंनी दडपण राहिलं. एक बाजू म्हणायची, तुम्ही परदेशी बँडसारखे वाजता का ते दाखवा. दुसरी म्हणायची, इंग्रजीत गाता तर यात भारतीय काय आहे ते दाखवा. १९८८ चा अल्बम पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होता, १९९५ चा दुसऱ्याचं. ‘इव्हॉल्व्ह’ दोन्ही प्रश्न बाजूला ठेवतो. त्याचा जोर ओळखपत्र दाखवण्यावर नाही, गाणं बांधण्यावर आहे. गाणी रेडिओच्या मापात बसत नाहीत, घाई करत नाहीत. तिनईकरांची गिटार कसरत करायला पुढे येत नाही, गाण्याच्या आत राहून काम करते. बालापोरियांचे कीबोर्ड गाण्याची हवा ठरवतात.

उणीव आहेच. सगळं फार घोटीव आहे. एखाद्या ठिकाणी आवाज फाटला असता, चूक राहिली असती तर बरं झालं असतं, असं ऐकताना वाटतं. आणि पहिल्याच फटक्यात गुणगुणता येईल असं ‘टॉप ऑफ द रॉक’सारखं एकही गाणं यात नाही.

मग तो हरवला कुठे?

२०१२ हे साल आठवून बघा. कॅसेट संपली होती. सीडी शेवटचे श्वास घेत होती. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं रिदम हाउस हे संगीताचं नावाजलेलं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, पण उतरण त्याच्या बरीच आधी लागली होती. पैसे देऊन कायदेशीर गाणी डाउनलोड करता यावीत म्हणून फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचं दुकान २०१२ मध्येच उघडलं आणि २०१३ मध्ये गुंडाळलं. स्वस्त डेटा आणणारं जिओ २०१६ चं. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. म्हणजे ‘इव्हॉल्व्ह’ अशा फटीत पडला की जुनी दुकानं मिटत होती आणि नवी उघडलेली नव्हती. जुना चाहता कॅसेटवाला, त्याचा प्लेअर माळ्यावर गेलेला. नव्या पोरांना हे नाव ऐकूनही माहीत नव्हतं.

ज्या टीव्हीने इंडस क्रीडला घराघरात नेलं होतं, त्याच एमटीव्हीवर आता ‘रोडीज’ चालू होतं. आणि ‘रॉक’ हा शब्दच हिंदी सिनेमाने उचलला होता. २००८ मध्ये ‘रॉक ऑन’ आला, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये रहमानच्या संगीताचा ‘रॉकस्टार’. साक्री, धुळे, जळगाव इथल्या पोरांनी गिटार हातात घेतली असेल तर ती रणबीर कपूरकडे बघून. लाखो लोकांना रॉक आवडायला लागला त्याच वर्षांत, तो २८ वर्षांपूर्वी वाजवायला लागलेला बँड बाजूला उभा होता. ‘रॉकस्टार’ची गाणी छानच आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

म्हाताऱ्या बँडच्या उशिराच्या अल्बमचं जगभर साधारण हेच होतं. रमोन्सचा काळा टी-शर्ट आज मॉलमध्ये मिळतो, तो घालणाऱ्या किती जणांनी त्यांचा १९९५ चा शेवटचा ‘आदिओस आमिगोस’ ऐकलाय? लोकांना बँड त्यांच्या तरुणपणातला हवा असतो, कारण त्यात त्यांचं स्वतःचं तरुणपण असतं.

उलट बाजूला आपल्या खान्देशाचं उदाहरण बघा. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. मोठी कंपनी नाही, टीव्ही नाही, मुंबईचा शिक्का नाही. अहिराणी ज्यांना येत नाही तेही त्यावर रील करून मोकळे झाले. कलाकारापासून थेट श्रोत्यापर्यंत जाणारा तो रस्ता २०१२ मध्ये इतका रुंद असता, तर इंग्रजीत गाणाऱ्या या मुंबईकरांनाही त्यांचे श्रोते सापडले असते. संख्येने कमी, पण सापडले असते.

आता ऐकायचा असेल तर एवढंच करा. ‘टॉप ऑफ द रॉक’ आधी ऐकू नका, त्याने कान भलत्याच अपेक्षेवर लागतात. शफल बंद ठेवा. ‘फायरफ्लाइज’पासून सुरू करा आणि ‘डिझॉल्व्ह’ला हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर निम्मी वाद्यं ऐकूच येणार नाहीत. इंग्रजी शब्द पहिल्या वेळी सगळे कळले नाहीत तरी हरकत नाही. अहिराणी न कळणाऱ्यांनी कुठे वाट बघितली होती?