आधी कर्ज फेडलं, मग घेतलं?

आजची गोष्ट आमच्या घरातली, पंढरपूर तालुक्यातल्या करकंबची.

आजोबांच्या ट्रंकेतले जुने कागद मी डेटाबेसमध्ये भरत होतो. ५/७/१९५८ ला जमीन गहाण टाकलेली, ३/८/१९५८ ला पैसे फेडून सोडवलेली. तारखेप्रमाणे यादी लावली, तर फेड आधी अन् गहाण नंतर! म्हणजे आजोबांनी फेडलेलं कर्ज मशीननं परत आमच्या डोक्यावर ठेवलं.

झालं काय, तर एसक्यूएल सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी होती. तिकडं महिना आधी, दिवस नंतर. ५ जुलैचा झाला ७ मे, ३ ऑगस्टचा झाला ८ मार्च. दिवस १२ च्या पुढचा असता तर एरर तरी आली असती. इथं सगळं गुपचूप.

पण ही भानगड कॉम्प्युटरच्या आधीची आहे. पेशवाईतल्या मोडी कागदांवर शुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे. दोन-दोन आकडे का? कारण शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, शुहूर सनाचं मृग नक्षत्राला. कागद कुठल्या महिन्यातला, हे बघितल्याशिवाय वर्ष ठरत नाही.

आता गंमत बघा. शिवरायांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ रकान्यात भरा. घेतच नाही! तो रकाना १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो. कारण ब्रिटननं १७५२ मध्ये ज्युलियन कॅलेंडर सोडलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्या घोळाच्या मागं जायचंच नाही, असं ठरलं. आपली ६ जूनही ज्युलियनच. ग्रेगरियन हिशेबानं तो दिवस १६ जून येतो. तिथी मात्र एकच: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शक १५९६.

मग मी काय केलं? जुन्या तारखांसाठी २००८ च्या आवृत्तीत आलेला ‘डेटटाइम२’ घेतला. ‘सेट डेटफॉरमॅट डीएमवाय’ असं सांगता येतं, पण ते त्या कनेक्शनपुरतंच. म्हणून सरळ वर्ष, महिना, दिवस सलग लिहिले: १९५८०७०५. यात कुणाचा गैरसमज होत नाही.

आणि शेजारी एक साधा मजकुराचा रकाना ठेवला. त्यात कागदावर जशी आहे तशीच तारीख. मशीनची समजूत उद्या चुकली, तरी आजोबांचा शब्द तिथं शाबूत राहील.

तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल. उघडाल तेव्हा तारीख आधी नीट वाचा, मगच भरा. भेटू पुढच्या भागात!