काटा खाली का येतो?

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडी सुरू झाली की एक फोटो हमखास येतो. बॉयलरवरचा गोल डायल, काटा शून्याजवळ, आणि खाली प्रश्न : ‘घर गरम होत नाहीये, काय करू?’ उत्तरही ठरलेलं : ‘बॉयलरखालचा कॉक उघड, काटा दीडवर आला की बंद कर.’ लेस्टरला राहायला आल्यापासून मी असे कितीतरी फोटो पाहिलेत. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कळण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८३१ साली अँजिअर मार्च पर्किन्स या अमेरिकेत जन्मलेल्या इंजिनिअरने लंडनमध्ये एक पेटंट घेतलं. त्याचे वडील जेकब पर्किन्स यांचं नाव फ्रिजच्या इतिहासात येतं. म्हणजे बाप गारव्याच्या मागे आणि मुलगा उबेच्या. अँजिअरची कल्पना साधी होती. बारीक पोकळीच्या जाड लोखंडी नळीचं एक लांबलचक वेटोळं करायचं, त्याचा काही भाग भट्टीत, बाकीचा घरभर. आत पाणी भरून तोंड पक्कं बंद करायचं. पाणी असं कोंडलेलं असलं की ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही.

पण तापलेलं पाणी फुगतं, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. नळी काठोकाठ भरली असती, तर फुटलीच असती. म्हणून पर्किन्सने सगळ्यात उंच जागी एक जास्तीची नळी बसवली आणि तिच्यात मुद्दाम हवा ठेवली. पाणी फुगलं की हवा दबणार, निवलं की हवा त्याला परत ढकलणार. १८३२ मध्ये सर जॉन सोन या वास्तुविशारदाने लंडनमधल्या आपल्या घरात ही यंत्रणा बसवली. तेच घर आज संग्रहालय आहे.

सामान्य घरांत मात्र पुढची शंभरेक वर्षं कोळशाची शेकोटीच राहिली. १९५२ चं लंडनचं जीवघेणं धुरकं, १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आणि मग उत्तर समुद्रातला गॅस, यांनंतर रेडिएटर घरोघरी पोचले. पण ही यंत्रणा उघडी होती. माळ्यावर एक छोटी टाकी. फुगलेलं पाणी तिच्यात चढायचं. पाणी कमी झालं की बॉलकॉक ते भरून काढायचा, आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. एखादा सांधा दहा वर्षं ठिबकत राहिला, तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. गळती होती, पण ती सांगणारं कुणी नव्हतं.

१९८० नंतर माळ्यावरची टाकी हळूहळू गेली आणि बंद यंत्रणा आली. पर्किन्सची हवाही परतली : आता ती एका लोखंडी डब्यात, रबरी पडद्यापलीकडे असते. थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात. ३ बारला सुरक्षा-झडप उघडते आणि पाणी घराबाहेरच्या नळीतून जातं. आपोआप भरणारं कुणी उरलं नाही, म्हणून हरवलेलं पाणी डायलवर दिसू लागलं.

म्हणून काटा खाली आला की आधी विचारायचं : तो कधी येतो?

पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की सुमारे तीन टक्के फुगतं. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल, तर तीन लिटरला जागा हवी. डब्यातली हवा गेली असेल, तर ती जागाच नाही. मग हीटिंग चालू असताना काटा तीनकडे धावतो, झडप पाणी बाहेर टाकते आणि सगळं निवल्यावर काटा शून्यावर. इथे एकही नळी गळत नसते! बाहेरच्या नळीच्या तोंडाला रात्रभर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली, की सकाळी खरं काय ते कळतं.

काटा तीनकडे न जाता दिवसरात्र सावकाश उतरत असेल, तर गळती शोधायची. रेडिएटरच्या सांध्यांवर हिरवे-पांढरे डाग आहेत का पाहायचं. इंजिनिअर बॉयलर आणि घरातल्या नळ्या यांच्यामधले कॉक रात्रभर बंद ठेवून पाहतो. बॉयलरचा काटा तरीही उतरला, तर दोष बॉयलरकडे. जागेवर राहिला, तर घराच्या नळ्यांत.

नुसतं भरत राहिलं तर काय बिघडतं? जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. प्रत्येक नव्या भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, तळाशी काळा गाळ साठतो. दर आठवड्याला कॉक उघडणारा आपला हात म्हणजे माळ्यावरचा जुना बॉलकॉकच. जी गळती डायल दाखवू लागला होता, ती आपण पुन्हा झाकतो.

माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीला घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीने ‘भरत राहा’ एवढंच सांगितलं होतं. तिने नऊ दिवस, हीटिंग चालू असताना आणि बंद असताना, काटा कुठे आहे ते लिहून ठेवलं आणि तो तक्ता एजन्सीला पाठवला. आलेल्या इंजिनिअरने तक्ता पाहून थेट डब्यालाच हात घातला. त्यात हवा उरली नव्हती.

इंग्लंडमध्ये १९८५ च्या भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार हीटिंगची दुरुस्ती साधारणपणे घरमालकाकडेच असते. त्यामुळे पुढचा फोटो ग्रुपवर टाकाल तेव्हा सोबत तारीख, वेळ आणि घर गरम होतं की गार, एवढं लिहा. आणि तेच घरमालकालाही पाठवा.