‘अनुसरला’ : चालत्या निष्ठेची कुळकथा

अमरावती-अकोल्याकडे एखाद्या शिक्षकाच्या निरोप समारंभासाठी मानपत्र लिहायला घेतले, की निष्ठावंत, समर्पित, व्रतस्थ, वचनबद्ध ही विशेषणे ओळीने येतात. एकाच्या जागी दुसरे घातले तरी चालते, असे आपण धरून चालतो. खरे तर त्यांची कुळे निराळी आहेत. ‘निष्ठा’ आणि ‘व्रतस्थ’ हे शब्द ‘स्था’ धातूतून आले. ठाम उभे राहणे, जागा न सोडणे हा त्यांचा मूळ भाव. ‘समर्पित’ म्हणजे हवाली केलेला आणि ‘वचनबद्ध’ म्हणजे शब्दाने बांधलेला. दूरच्या स्पॅनिश भाषेतही अशीच वाटणी दिसते. ‘देवोतो’ हा नवसातून आलेला, ‘एंत्रेगादो’ हा स्वतःला सोपवून दिलेला आणि ‘कोम्प्रोमेतिदो’ हा वचनात अडकलेला. कुणी उभा आहे, कुणी बांधलेला आहे, कुणी दुसऱ्याच्या हाती गेलेला आहे.

वऱ्हाडाच्या मातीत मात्र साडेसातशे वर्षांपूर्वी निष्ठेसाठी एक चालता शब्द रूढ झाला. तो म्हणजे ‘अनुसरला’.

‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘सृ’ म्हणजे सरणे, पुढे जाणे. याच ‘सृ’पासून सरिता आली, प्रसार आला आणि संसारही आला. संसार म्हणजे सतत सरत, फिरत राहणे. संसार आणि त्यातून बाहेर नेणारे अनुसरण, दोन्ही एकाच धातूची लेकरे. शब्द संस्कृतातून आला खरा, पण त्याला आयुष्य पणाला लावणारा अर्थ दिला तो महानुभाव पंथाच्या मराठीने, आणि या मराठीचे एक मोठे घर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर.

तेराव्या शतकात रिद्धपुरात गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना गुंडम राउळ म्हणत. परंपरा सांगते, की भडोचहून रामटेकच्या यात्रेला निघालेला हरिपाळदेव वाटेत रिद्धपूरला त्यांना भेटला आणि तोच पुढे महानुभाव पंथाचा प्रवर्तक श्रीचक्रधर म्हणून ओळखला गेला. चक्रधर सतत फिरत राहिले. वऱ्हाडात मेहकर, लोणार अशी त्यांची मुक्कामाची ठिकाणे आजही महानुभाव मंडळी वंदनासाठी गाठतात. एका जागी मठ बांधून बसावे, हे त्यांच्या शिकवणीत बसत नव्हते. शिष्यानेही अटन करावे, गावोगाव भिक्षा मागावी, ओळखीपाळखीच्या आधारापासून दूर राहावे, असा त्यांचा आग्रह होता. जिथे गुरूच चालता आहे, तिथे शिष्याच्या निष्ठेचे विशेषणही चालण्यातूनच येणार.

म्हणून पंथाच्या भाषेत या वाटेचे टप्पे नेमके पाडलेले दिसतात. आधी वेध लागतो, म्हणजे मन ओढले जाते. मग बोध होतो, म्हणजे समज येते. पण वेध लागलेला आणि बोध झालेला माणूस घरीच राहू शकतो. त्याने घरदार सोडून पाऊल उचलले, म्हणजे तो ‘अनुसरला’. प्रेम आणि ज्ञान यांच्यापुढचा हा टप्पा केवळ कृतीचा आहे. घरी राहून धर्म पाळणाऱ्यासाठी ‘वासनिक’ हा शब्द वेगळा आहे, आणि पंथात तो हलका समजत नाहीत. दोघांचीही भक्ती खरी, फक्त कुणी काय केले एवढे या शब्दांनी स्वच्छ सांगितले.

या शब्दाचे वजन कळते ते माणसांवरून. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, अनुसरले आणि चक्रधर उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर पंथाचे धुरीण झाले. त्यांची चुलतबहीण महदाइसा ही विधवा होती. त्या काळी अशा बाईला घराच्या कोपऱ्याखेरीज जागा नव्हती. ती अनुसरली, चर्चेत प्रश्न विचारू लागली आणि रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने तिने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले. त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची कथा आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूरही याच जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. स्त्रीला हे विशेषण पुरुषाइतक्याच हक्काने लागले, ही या शब्दाच्या कुळातली मोठी मिळकत आहे.

म्हाइंभट सराळ्याचे. विद्वान आणि सधन. तेही अनुसरले. चक्रधरांच्या वियोगानंतर त्यांच्या आठवणी हरवू नयेत म्हणून ते, ज्याने जे पाहिले त्याला गाठून विचारत गेले आणि भटोबासांकडून ते पारखून घेत गेले. त्यातून सुमारे 1278 मध्ये ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ रिद्धपुरात आकाराला आला. गुरू समोर नसतानाही त्याची पावले शोधत जाणे, हे म्हाइंभटांचे अनुसरण होते.

पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवल्या. ग्रंथ जपले गेले, पण बाहेरच्या मराठीला शतकानुशतके ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकात लिप्या उलगडल्या आणि ह. ना. नेने, य. खु. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे वाङ्मय उजेडात आणले. बुलडाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान व्यवहाराच्या मराठीत या शब्दाची धार गेली. आज तो मुख्यतः कार्यालयात भेटतो. ‘आपल्या पत्रास अनुसरून’, ‘शासन निर्णयास अनुसरून’. कागद कागदाच्या मागे जातो, माणूस जागचा हलत नाही. महानुभाव घरांत आणि मठांत मात्र ‘ते अनुसरलेले आहेत’ हे वाक्य अजून जुन्याच अर्थाने बोलले जाते, आणि ऐकणाऱ्याला त्यातले सगळे कळते.

2024 मध्ये रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तिथे मराठीच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे काम हाती घ्यावे आणि त्यात वेध, बोध, अनुसरण, वासनिक या शब्दांची जुन्या-नव्या वापरांसह सविस्तर नोंद व्हावी, असे मला मनापासून वाटते. हे शब्द केवळ एका पंथाचे नाहीत. निष्ठा कशी मोजावी, याचे एक माप त्यांनी सबंध मराठीला दिले आहे.

मानपत्र लिहिणाऱ्यानेही ते माप हाती घ्यावे. जो आपल्या जागी ठाम राहिला त्याला निष्ठावंत म्हणावे. ज्याने दिलेला शब्द पाळला त्याला वचनबद्ध म्हणावे. ज्याने आपले सारे एका कामाच्या हवाली केले त्याला समर्पित म्हणावे. पण एखाद्याने बांधलेले घर आणि ठरलेली वाट सोडून ज्यावर विश्वास ठेवला त्याच्या मागे पाऊल टाकले असेल, तर त्याच्यासाठी ‘अनुसरला’ याहून नेमका शब्द आपल्या भाषेत नाही.