बंदुकीच्या दारूची पारख

‘बार फुसका निघाला’ असें आपण सहज बोलून जातों. या बोलण्यांत दारूसंबंधींचा एक जुना समज दडलेला आहे. जी जोरानें उडेल ती दारू चांगली व जी तशी उडणार नाहीं ती वाईट, असा तो समज. रणांगणावर तो पुष्कळसा खरा होता. परंतु हातांत पिस्तुल घेऊन ५० वारांवरील कागदी निशाणाचा मध्य साधूं पाहणारा मनुष्य जेव्हां आपलीं काडतुसें आपणच भरूं लागला, तेव्हां त्यास या समजाचा त्याग करावा लागला. जोर आणि अचूकपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत, हें उमगण्यास कित्येक शतकें लागलीं. त्या उमजण्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण. आरंभीं ती पिठासारखी असे. गाडींतून दूर नेतांना हादऱ्यांनीं तिचे जड व हलके अंश वेगळे होत, आणि एकाच पिंपांतील वरची दारू एका तऱ्हेनें तर तळची दुसऱ्याच तऱ्हेनें जळे. पंधराव्या शतकांत युरोपांत ती ओली करून तिचे दाणे पाडण्याची रीत पसरली. दाण्यांत तीनही द्रव्यें जागच्या जागीं बांधलीं गेलीं, व दाण्यादाण्यांमधील फटींतून ज्वाला झपाट्यानें पसरूं लागली. द्रव्यें तींच असलीं तरी दाणा बदलला कीं दारूचा स्वभाव बदलतो, हा पारखीचा पहिला धडा. तोफेस जाड दाणा, हातच्या बंदुकीस बारीक आणि रंजकेस त्याहूनही बारीक, हा भेद त्यांतूनच आला. दुसरा धडा ओलाव्याचा. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त गडावरील दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, आणि आठपंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून, तिला ऊन देऊन पुन्हां मुद्रा करून ठेवावी, असें सांगितलें आहे. सादळलेल्या दारूचा भरंवसा नाहीं, हें आपल्या गडकऱ्यांस कोणी शिकवावयास नको होतें.

मग विकत घेतांना दारू पारखावी कशी? जुना उपाय असा कीं, चिमूटभर दारू स्वच्छ कागदावर पेटवावी. ती एकदम उडून गेली, कागद जळला नाहीं व काजळी उरली नाहीं, तर ती चांगली. पुढें यंत्रें निघालीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें एका लहान उखळी तोफेनें सरकारी दारूची परीक्षा होऊं लागली. ठराविक वजनाच्या दारूनें ठराविक वजनाचा गोळा ठराविक अंतरापलीकडे गेलाच पाहिजे, असा नियम होता. या सर्व परीक्षा बळाच्या होत. एखाद्या पैलवानास एकदां वजन उचलावयास लावून त्याची किंमत ठरवावी, तसाच हा प्रकार. दहा वेळां सांगितलें तर दहाही वेळां तो तितकेंच उचलील काय, हा प्रश्न या परीक्षेंत नव्हता.

तो प्रश्न विचारण्याची सोय प्रथम केली ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यानें. आपल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या १७४२ सालच्या ग्रंथांत त्यानें टांगलेल्या जड लोलकाची युक्ति सांगितली. लोलकावर गोळी झाडावी, आणि तो किती मागें झुलला यावरून गोळीचा वेग काढावा. आतां एका बाराची दुसऱ्याशीं आंकड्यांनीं तुलना करतां येऊं लागली. ऑयलरसारख्या श्रेष्ठ गणित्यानें १७४५ सालीं या ग्रंथाचें जर्मन भाषांतर टीकेसह प्रसिद्ध केलें, यावरून त्याची योग्यता कळेल. रॉबिन्सचा अंत मात्र आपल्या देशांत झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत किल्ल्यांच्या कामासाठीं तो इकडे आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला. पुढें एकोणिसाव्या शतकांत ल बूलांझे याचा विजेवर चालणारा वेगमापक आला. अमेरिकेंत रॉडमन यानें व इंग्लंडांत अँड्र्यू नोबल यानें नळीच्या आंतील दाब मोजण्याचीं साधनें काढलीं. ‘जोरदार’ व ‘फुसकी’ या दोन विशेषणांच्या जागीं वेग व दाब हे दोन आंकडे आले.

त्याच शतकाच्या अखेरीस दारूच बदलली. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपानें उरतो. धुराचा ढग व नळींतील किटण हीं त्याचींच रूपें. १८४६ सालीं शेनबाइन यानें जाहीर केलेल्या स्फोटक कापसानें ही अडचण टळेलसें वाटलें, पण तो इतका अनावर कीं पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत फॅव्हरशॅम येथील त्याच्या कारखान्यांत भयंकर स्फोट झाला. अखेर १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें त्या कापसाचा लगदा करून, त्याचे पातळ तुकडे पाडून त्यास ताब्यांत आणलें. १८८७ सालीं आल्फ्रेड नोबेल यानें त्यांत नायट्रोग्लिसरीन मिसळून दुसरी जात काढली. बिनधुराच्या दारूचें युग सुरू झालें.

याच सुमारास अमेरिकेंत घरीं काडतुसें भरण्याचा छंद बाळसें धरूं लागला. जॉन बार्लो यानें १८८४ सालीं स्थापन केलेली ‘आयडियल’ कंपनी हातांत मावणाऱ्या पकडी व ओतीव गोळ्यांचे साचे विकी. झाडलेली पितळी पुंगळी फेकून न देतां तींत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवावयाची, एवढाच हा खटाटोप. त्याचा आरंभ काटकसरींत झाला; पण आपल्या पिस्तुलास मानवेल तेंच मिश्रण भरतां येतें, असें दिसतांच अचूकपणाचे उपासक त्याकडे वळले. पिस्तुलाची नळी आखूड. बंदुकीची सावकाश जळणारी दारू तींत पुरती जळण्याआधींच गोळी बाहेर पडते. म्हणून पिस्तुलास चटकन् जळणारी दारू हवी. लॅफ्लिन व रँड या कंपनीनें १८९८ सालीं अशी एक दारू बाजारांत आणली, व निशाणाच्या काळ्या मध्यावरून तिचें नांव ‘बुल्सआय’ ठेविलें. कंपन्या बदलल्या, पण ती दारू टिकली व आजही खपते.

परंतु येथेंच एक पेंच उभा राहिला. ‘पॉइंट ३८ स्पेशल’ हें प्रसिद्ध काडतूस त्याच सुमारास काळ्या दारूच्या मापानें आंखलेलें होतें. त्यांत ती २१ ग्रेनच्या आसपास मावे व पुंगळी भरून जाई. निशाणबाजांच्या आवडीचें ‘बुल्सआय’चें माप मात्र अवघें २.७ ग्रेन, सोनाराच्या हिशेबानें दीड गुंजेहूनही कमी! एवढ्यानें पुंगळीचा जेमतेम पांचवा हिस्सा व्यापतो. उरलेल्या पोकळींत दारू इकडेतिकडे सरकते. नळी वर करून मग खालीं आणली तर दारू टोपीपाशीं राहते व गोळीस वेग अधिक मिळतो. उलट केल्यास कमी. वेग सेकंदास ७५० फूट धरला, तर ५० वारांवर पोंचेतों गोळी साडेसात इंचांहून थोडी अधिक खालीं येते. वेगांत शेंकडा तीन इतकीच तूट आली तरी ती आणखी जवळ जवळ अर्धा इंच घसरते. निशाणावरील दहा गुणांचें वर्तुळ सव्वातीन इंचांहून किंचित् मोठें. त्यांतला बराच वांटा तर हाताच्या कंपानेंच खाल्लेला असतो!

यावर उपाय गोळीनेंच केला. सपाट तोंडाची, नळकांड्यासारखी, १४८ ग्रेनची शिशाची गोळी पुंगळींत पार खोलवर बसवूं लागले; त्यामुळें पोकळी आटली, आणि कागदावर भोंकही स्वच्छ वर्तुळाकार पडूं लागलें. दाण्याचा जुना धडाही पुन्हां कामास आला. मोठ्या पापुद्र्यांची दारू मापकांतून सारखी पडत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघालेली बारीक गोल दाण्यांची दारू वाळूप्रमाणें सरळ ओघळते व दर वेळीं जवळ जवळ तितकीच भरते. तात्पर्य, चांगल्या दारूचीं लक्षणें हीं: आखूड नळींत पुरती जळावी, सारखी मोजतां यावी, आणि पोकळींत कशीही पडली तरी एकसारखी पेटावी. तरीही अखेरचा निवाडा आंकडे देत नाहींत. धक्क्यानें नळी उचलली जाते, आणि मंद गोळी नळींत अधिक वेळ राहिल्यामुळें कांहींशी वर फेंकली जाते; वेगांतील तूट अशा रीतीनें कधीं कधीं अंशतः भरूनही निघते. म्हणून जाणते लोक पिस्तुल यंत्रांत आंवळून एकाच मापाचे दहा बार कागदावर काढतात, आणि छिद्रें किती जवळ पडलीं तें पाहतात. खरी परीक्षा ती.

आतां एक गंभीर गोष्ट. काळ्या दारूनें पुंगळी भरून जाई, म्हणून चुकून दुप्पट माप पडलें तर दारू बाहेर सांडून चूक लगेच कळे. नव्या दारूचें दुप्पट माप त्याच पुंगळींत मुकाट्यानें मावतें, आणि पुढच्या बारास पिस्तुल फुटून बोटें वा डोळा जाण्याची वेळ येते. म्हणून भरणाऱ्यानें गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत उजेड पाडून डोकावण्याचा परिपाठ ठेविला आहे. जुन्या शस्त्रांत जी सावधगिरी पदार्थांतच होती, ती नव्या काळांत मनुष्यानें आपल्या संवयींत आणावी लागली. ज्ञानानें आपल्या हातीं थोडक्यांत पुष्कळ जोर दिला, पण त्याबरोबर चूक लपविण्याइतकी जागाही करून ठेविली. दारूच्या या इतिहासांत आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें तें हेंच.